दुसऱ्याच्या भिंतीवरचं घड्याळ

भात झोडायला लागलं, की मला भिंतीवरची घड्याळं दिसू लागतात. हे मी माझ्या शाळेतल्या शिक्षिकांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. तुमचं काहीतरीच असतं, म्हणाल्या. असेल. पण आमच्या मावळात या दोन्ही गोष्टी एकाच हवेतून येतात, त्याला मी काय करणार?

दिवाळी उलटते. इंद्रायणी भाताच्या पेंढ्या खळ्यावर येतात. सकाळी बांधावरच्या गवतावर इतकं दव असतं की चालणारीची साडी पोटरीपर्यंत भिजते. वाऱ्याला गोडसर वास असतो. शिजलेल्या भाताचा नव्हे, ओल्या पेंढ्याचा, दाणा अजून आत झोपलेला असतानाचा. आणि याच दिवसांत तिकडे वर, लोणावळ्याला, बंद बंगले उघडतात. चार महिने पावसानं आणि धुक्यानं कोंडलेल्या खोल्यांत ऊन शिरतं. गाद्या कठड्यांवर वाळत पडतात. भिंतींवरची बुरशी खरडली जाते. मग कुणीतरी मालक, बहुधा मुंबईहून आलेला नातू, कमरेवर हात ठेवून म्हणतो, हे सगळं जुनं एकदा काढून टाका. टेम्पो भरतो. त्यात टोपी अडकवायची खुंटाळी असते, पारा उडालेला आरसा असतो, रंगीत काचांचा दिवा असतो, आणि गोधडीत गुंडाळलेलं, मुकं झालेलं एखादं घड्याळ असतं. खाली खळ्यावर नवं भात आणि वर बाजारात जुनी घड्याळं. माझ्या डोक्यात या दोन्हींचा मोसम एकच आहे.

हे सगळं जिथं येतं ते दुकान शकीलभाईंचं. पूर्वी ती कोळशाची वखार होती. अजूनही कोपऱ्यातला चुना बोटाला काळा लागतो. दार बुटकं, पण आत शिरलं की दुकान लांबच लांब जात राहतं. शेवटच्या भिंतीवर घड्याळं. अष्टकोनी, उभी, कळस असलेली, कळस मोडलेली. प्रत्येकात वेगळी वेळ. एकात सव्वातीन, शेजारी दहा, त्याच्याखाली बाराला काही कमी. शकीलभाई त्यांतलं एकच चालू ठेवतात.

"सगळ्यांना चावी दिली तर काय होईल?" मी एकदा विचारलं.

"मॅडम, एकदा दिली होती," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत माझं आणि बायकोचं भांडण झालं. कारण आजतागायत समजलं नाही."

त्या भिंतीपुढं उभं राहिलं की मला पोहताना बुडी मारल्यासारखं होतं. कान भरून येतात. बाहेर रस्त्यावर गाड्या असतात, त्यांचे हॉर्न असतात, पण ते पाण्यावरून आल्यासारखे वाटतात. थांबलेली वेळ एवढी एका ठिकाणी जमली, की तिचा काहीतरी गारवा तयार होत असावा.

मला घड्याळ हवं होतं ते त्याच्या आवाजासाठी. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, घाटात रेल्वेच्या लायनीवर गँगमन होते. आम्ही लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत राहायचो. आई एका बंगल्यात धुण्याभांड्याला जायची आणि मला सोबत न्यायची. मी मागच्या व्हरांड्यात पाटी घेऊन बसायचे. आत कुठंतरी एक घड्याळ होतं. ते मी कधी पाहिलं नाही. मला आत यायला कुणी मनाई केली नव्हती, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. ते टोले द्यायचं. टोल्याच्या आधी घसा खाकरल्यासारखी एक घरघर, मग टोल, आणि टोल विरल्यावर व्हरांड्यातल्या फरशीखाली राहिलेली थोडीशी थरथर. मी त्या आवाजात उजळणी पाठ केली. नद्यांचे उगम पाठ केले. पुढं मी भूगोल घेऊन बी.ए. झाले, बी.एड. झाले. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुठंही, कुणीही न विचारता सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही. तर सांगायचं असं, की माझ्यासाठी शिक्षणाचा आवाज शाळेच्या घंटेचा नाही. तो त्या न पाहिलेल्या घड्याळाचा आहे.

लग्न केलं नाही, घर केलं. वडगावात, तहसील कचेरीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक हॉल. ते पुरं झालं तो हाच मोसम होता. हॉलची मोठी भिंत मी मुद्दाम कोरी ठेवली होती. रंगाचा वास अजून जात नव्हता. संध्याकाळी शाळेतून येऊन मी भिंतीला पाठ लावून खाली बसायचे आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायचे. दादा आणि आई तेव्हा इंदुरीजवळच्या आमच्या गावी, जुन्या घरात राहात होते. दोघांचंही वय झालेलं. दादांना गुडघ्यांनी सतावलेलं. घर बांधलं होतं ते त्यांना आणायचं म्हणूनच. दोघं येणार, त्या भिंतीवर घड्याळ वाजणार, मी वह्या तपासत असणार. इतकंच माझं स्वप्न होतं. फार मोठं नव्हतं.

शकीलभाईंच्या भिंतीवर मला ते सापडलं. सागवानी पेटी, आत पितळी लंबक, पांढऱ्या तबकडीवर रोमन आकडे, त्यांतला सहाचा पुसट झालेला. शकीलभाईंनी चावी दिली, काटा फिरवला. घरघर झाली. मग टोल पडला. मी त्यांना काटा पुन्हा फिरवायला लावला. हे तेच घड्याळ होतं असं मी म्हणणार नाही. असले योगायोग सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण आवाज त्याच घराण्यातला होता.

"ठेवा माझ्यासाठी," मी म्हटलं.

पण घेतलं मात्र नाही. कारण दादा.

दादांचा एक नियम होता. घरात दुसऱ्यानं वापरलेली वस्तू यायची नाही. लुगडं नाही, भांडं नाही, खुर्ची नाही, लेकराचं खेळणंसुद्धा नाही. त्यांच्या आज्यानं गावाची कामं केली आणि त्या बदल्यात उतरलेले कपडे अंगावर घातले, उरलेली भाकरी खाल्ली. ज्या वर्षी आमच्या माणसांनी धम्म घेतला, त्या वर्षी आज्यानं ती कामं सोडली आणि घरातलं मागून आणलेलं सगळं ओढ्यात नेऊन टाकलं. दादा तेव्हा चालायलासुद्धा लागलेले नव्हते. पण सांगताना असं सांगायचे, जणू ते ओढ्याच्या काठावर उभे होते.

मला एक दुपार आठवते. लोणावळ्याची थंडी, हेच दिवस. बंगल्यातल्या बाईंनी आईजवळ माझ्यासाठी स्वेटर दिला होता. लाल, मऊ, पुढं लाकडी बटणं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मायेनंच दिला. मी तो घालून चाळीच्या पायरीवर उन्हात बसले होते. दादा लायनीवरून आले. हातात हातोडा, अंगाला वंगणाचा वास. माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. स्वेटर काढायला लावला, स्वतः घडी घातली, बाह्या आत दुमडून, दुकानातल्यासारखी. मग माझा हात धरून बंगल्यावर गेले.

"बाई, पोरीला हुईना," ते म्हणाले. "ल्हान पडतोय."

लहान पडत नव्हता. अगदी मापात होता.

परत येताना आम्ही बाजारात गेलो आणि त्यांनी मला एक पिवळा स्वेटर घेतला. तो इतका टोचायचा की मानेवर पुरळ उठायचं. मी तो तीन हिवाळे घातला. आई म्हणायची, "खाजवू नगं, दादा बघतील." मी शहाण्या मुलीसारखी खाजवायचे नाही. आज त्या पिवळ्या रंगाबद्दल मला जे वाटतं त्याला नाव नाही. अभिमान म्हणावा तर खाज सुटते.

तर अशा माणसाला मी सांगायचं होतं, की तुमच्या लेकीला नव्या घरात कुणाच्यातरी भिंतीवरचं उतरवलेलं घड्याळ आणायचं आहे.

सांगितलं. खळ्यावर सांगितलं. दादा पेंढ्याच्या ढिगाला टेकून बसले होते, केसांत भाताचं कूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नवं मिळत न्हाई का?"

"मिळतं. पण मला ते आवडलंय."

"कुणाच्यातरी घरातनं काढून टाकल्यालं."

"काढलेलं आहे. टाकलेलं नाही."

"त्येच त्ये." ते उठले, धोतर झटकलं. "तुझं घर हाय, नंदा. तू शिकलीस, तुझ्या मनासारखं कर. पर मग आमी हितंच बरं हाये."

बास. चिडले नाहीत, रुसले नाहीत. तेवढं बोलून सुपानं भात वारवायला लागले. फोलपटं उन्हात उडत होती, सोनेरी, हलकी, आणि दाणे खाली पडत होते. मी उभी राहून बघत होते. एकीकडे घड्याळ, एकीकडे हा माणूस. कोणता दाणा आणि कोणतं फोलपट, हे कुणाला विचारावं लागेल असं नव्हतंच. पण मी स्वतःसाठी आयुष्यात पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला. शाळेतून येताना इंद्रायणीच्या पुलावर थांबायची सवय लागली. पाणी उतरलेलं असतं, निवळ असतं, तळाचे दगड दिसतात. मला वाटायचं, जुन्याची हौस कुणाला असते? ज्यांना जुनं कधी घ्यावं लागलं नाही त्यांना. त्यांनी त्याला विंटेज असं गोड नाव दिलं. आमच्याकडे त्याला उतरलेलं म्हणायचे. मग मी कोण? मी दोन्ही शब्द जाणते. पिवळा स्वेटर माझ्या अंगावरून गेला आहे, आणि व्हरांड्यातला टोलही माझ्याच कानात आहे. एक खरा आणि दुसरा खोटा, असं करता येत नव्हतं. पुलावरून खाली बघत राहिलं की पाणी थांबलंय आणि पूलच सरकतोय असं वाटतं. मी तशीच सरकत होते.

शेवटी मी दादांना म्हटलं, "घेऊ नका. पण एकदा बघायला तर चला. लोणावळ्याला जाऊन किती वर्षं झाली तुम्हाला!"

लोणावळ्याचं नाव काढल्यावर ते आले. वाटेभर लोकलच्या खिडकीतून लायन बघत होते. कामशेतच्या पुढं एका वळणावर म्हणाले, "हितली खडी आमी टाकल्याली," आणि शेजारच्या माणसाकडं असं बघितलं, जणू त्यानं त्या खडीबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

दुकानाच्या दारात ते थांबले. आत वाकून बघितलं. मग चपला काढल्या.

शकीलभाई धावत आले. "आबा, चप्पल राहू द्या! खाली काचा असतात."

"आत कोन बसलंय, बघितलं का?" दादा म्हणाले.

मी इतक्या वेळा त्या दुकानात गेले होते. मी घड्याळांच्या भिंतीकडे सरळ जायचे. मला तो दिसलाच नव्हता. एका चपलांच्या लाकडी कपाटावर, सिगारेटची राख झटकायच्या काचेच्या बशीशेजारी, एक जुना नळ आणि दोन कड्या यांच्या मधे, बुद्धाचं शिर ठेवलं होतं. दगडाचं, हातभर उंचीचं, डोळे मिटलेले. नुसतं शिर.

दादा अनवाणी, पाय उचलून उचलून टाकत, तिथपर्यंत गेले. हात जोडले. मग शकीलभाईंकडे वळले.

"ह्येचं धड कुटं हाय?"

"एवढंच येतं, आबा. शोपीस आहे. बंगलेवाले बागेत लावतात, कारंज्यापाशी. कुणी बाथरूममध्ये पण..." शकीलभाई मधेच थांबले. समजदार माणूस. त्यांनी दादांचे जोडलेले हात बघितले, कपाट बघितलं, कपाटातल्या चपला बघितल्या. पटकन ती काचेची बशी उचलून मागं लपवली. "आबा, तुम्ही घेऊन जा. पैसे नकोत. खरंच सांगतो. असंच घेऊन जा."

मी डोळेच मिटले. आता संपलं, मला वाटलं. लाल स्वेटर समोर आला.

"फुकट?" दादा म्हणाले.

"हो, फुकट."

"मंग ऱ्हाऊ दे." पण त्यांचे पाय हलले नाहीत. त्या मूर्तीला तिथं ठेवून जाणं त्यांना जमेना, आणि दान म्हणून घेऊन जाणंही जमेना. मी माझ्या वडिलांना घाटात दरड कोसळलेली असताना बघितलं आहे. त्यांना असं अडलेलं कधी बघितलं नव्हतं. एक चालू घड्याळ तेवढं टिकटिकत होतं.

"किंमत सांगा," दादा एकदम म्हणाले.

"आबा, फुकट देतोय तर भाव काय करता?"

"फुकटचं लय जड असतंय. किंमत सांगा."

शकीलभाईंनी काहीतरी थोडीशीच रक्कम सांगितली.

"दगुड हाय का गारगोटी?" दादा कडाडले. "एवढी कमी कशी? मला येडा समजता व्हय?"

आणि मग शकीलभाईंच्या चेहऱ्यावर एक हसू उगवलं, ते मी विसरणार नाही. त्यांना समजलं. त्यांनी खुर्ची ओढली, मांडी ठोकली आणि अशी किंमत सांगितली की ऐकून मीच दचकले.

"आरं बाबा!" दादा खूश झाले. "दिवसाढवळ्या दरोडा!"

मग सुरू झालं. दादा निम्म्यावर आले, शकीलभाई कपाळाला हात लावून पोराबाळांच्या शपथा घेऊ लागले. दादांनी नाकावरचा टवका दाखवला, शकीलभाईंनी तो पूर्वीचाच, अस्सलपणाची खूण, असं सांगितलं. दादा दारापर्यंत गेले, चपलेत एक पाय घातला. शकीलभाईंनी परत बोलावलं. चहा आला. चहावर पुन्हा भांडण. बंगल्यातून आलेल्या वस्तूसाठी माझे वडील आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस करत होते, आणि त्यांचा चेहरा खळ्यावरच्या चेहऱ्यासारखा उजळला होता. रंगीत काचांच्या दिव्यातून ऊन येत होतं. त्यांच्या पांढऱ्या टोपीवर एक हिरवा तुकडा हलत होता.

सौदा ठरला. दादांनी कनवटीला हात घातला, स्वतःचे पैसे स्वतः दिले.

मग मूर्ती उराशी धरून ते मला म्हणाले, "तुझं कुटलं?"

"काय कुठलं?"

"घड्याळ, घड्याळ! का नुसतं मलाच लुटायला आणलंस?"

मी बोटानं दाखवलं. दादा त्याच्यापुढं उभे राहिले. शकीलभाईंनी काटा फिरवला. घरघर झाली, टोल पडला. दादांनी मान एका बाजूला कलती केली. लायनीला कान लावून गाडीचा अंदाज घेताना ते तशी करायचे.

"कुनाचं व्हतं?"

"होतं कुणाचं तरी," शकीलभाई म्हणाले. "आता विकायला आहे."

दादांनी मान हलवली. मला म्हणाले, "कर तुझा भाव." मी केला. शकीलभाईंनी सांगितलं, मी मान्य केलं. दादांनी कपाळावर हात मारला. "मास्तरीण केली हिला! घासाघीस शिकवायची ऱ्हाऊनच गेली!"

परतीच्या लोकलमध्ये घड्याळ माझ्या मांडीवर, मूर्ती त्यांच्या. त्यांनी आपला मफलर काढून तिच्याभोवती गुंडाळला होता, चेहरा तेवढा उघडा. बाहेर कापलेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या, संध्याकाळचा धूर. गाडी हलली की माझ्या मांडीवर लंबक आतल्या आत टकटक करायचा. मी विचारलं नाही, तुमच्या नियमाचं काय झालं म्हणून. काही प्रश्न विचारले की उत्तर येतं आणि गोष्ट लहान होते.

गावच्या घरी आईनं मात्र विचारलं. "आवो, ह्येला धड न्हाई!"

"त्येला काय त्येचं?" दादा म्हणाले. "तोंड बघ की. हसतोय."

उडव्या रचून झाल्यावर दोघं वडगावला आले. बुद्धवंदना झाली. कोऱ्या भिंतीवर घड्याळ लागलं. पहिल्या दिवशी दादा म्हणाले, "लय बडबड्या गडी हाय ह्यो." आता चावी तेच देतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मी वह्या तपासते. टोल पडतो. कधीकधी पेन थांबतं आणि मला समजत नाही, मी व्हरांड्यात आहे की हॉलमध्ये; मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज येतो आणि मी हॉलमध्ये येते.

परवा, याच मोसमात, आम्ही पुन्हा लोणावळ्याला गेलो होतो. मी एक दिवा बघत होते. दादा मागं हात बांधून दुकानभर फिरत होते, बंगल्यातल्या पाहुण्यासारखे. बऱ्याच वेळानं आले. हातात चिनी मातीचं एक बदक. निळं, तळहाताएवढं, चोच थोडी उडालेली.

"आबा, ते राहू द्या, फुटकं आहे," शकीलभाई म्हणाले.

"म्हनूनच भाव कमी करा," दादा म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

घरी आल्यावर त्यांनी बदक खिडकीत ठेवलं. मागं सरकून बघितलं. पुन्हा पुढं जाऊन चोच बाहेरच्या बाजूला वळवली. आई पदराला हात पुसत आली, बदकाकडे बघितलं, दादांकडे बघितलं.

"ह्येचा उपेग काय?"

"काय न्हाई," दादा म्हणाले. "आवडलं."

आणि मग त्यांनी वळून मागं बघितलं, जणू हे दुसरंच कुणीतरी बोललं होतं.